सनदेपासून परवान्यापर्यंत

इतिहास म्हटला की आपल्याकडे तलवारी, तह आणि सनावळ्या डोळ्यांपुढे येतात. आज आम्ही ज्याचा इतिहास सांगणार आहोत तो एक साधा कागद आहे. त्यावर राजमुद्रा नाही आणि त्याने कोणाला जहागीरही मिळत नाही. तो ज्याच्या नावाने निघतो त्याला त्याबद्दल एक पैसाही वेतन मिळत नाही. ब्रिटनमधील बालवीर संघटनेत, म्हणजे स्काउट असोसिएशनमध्ये, मुलांना घेऊन डोंगरावर, पाण्यात, गुहेत किंवा कड्यावर जाणाऱ्या स्वयंसेवकाला हा कागद आधी मिळवावा लागतो. अमुक व्यक्ती, अमुक प्रकारचे साहस, अमुक मर्यादेपर्यंत, अमुक तारखेपर्यंत मुलांकडून करवून घेण्यास योग्य आहे, एवढेच त्यावर लिहिलेले असते.

एवढ्याशा कागदासाठी संध्याकाळ कशाला खर्चायची, असे कोणी म्हणेल. परंतु या कागदामागे एक जुना आणि अवघड प्रश्न उभा आहे. जो माणूस आपला रविवार, आपले पैसे आणि आपली हौस घेऊन दुसऱ्यांच्या मुलांसाठी पुढे येतो, त्याला 'तू यासाठी लायक आहेस का?' असे विचारायचे कोणी आणि कोणत्या तोंडाने? नोकराला विचारता येते, ठेकेदाराला तर विचारलेच पाहिजे; पण उपकारकर्त्याला कसे विचारावे? या व्याख्यानमालेचा मांडवही अशाच हौशी माणसांच्या खांद्यांवर उभा राहतो. त्यांच्या कामाची परीक्षा घ्यावी असे आपल्या मनातही येत नाही. मात्र मांडव कोसळला तर काय, हा प्रश्न त्यामुळे मिटत नाही.

चळवळीच्या आरंभी हा प्रश्न फारसा कोणी विचारला नाही. मेफकिंगच्या वेढ्यात नाव कमावलेल्या बेडन-पॉवेल यांनी १९०७ च्या ऑगस्टमध्ये ब्राउनसी बेटावर सुमारे वीस मुलांचे शिबिर भरवले. त्यात बड्या शाळांतली मुले होती, तशी कामकरी घरांतलीही होती. पुढल्याच वर्षी त्यांचे पुस्तक बाहेर पडले आणि ते वाचून मुलांनी आपापल्या गल्लीत पथके उभारली. आधी पथक आणि मग नायकाचा शोध, असा उलटा क्रम कित्येक ठिकाणी घडला. कोणी पाद्री, कोणी कारकून, कोणी निवृत्त सैनिक नायक म्हणून पुढे आला. त्याला स्थानिक समितीच्या शिफारशीवरून मुख्य कचेरीकडून 'वॉरंट' मिळे. आपण त्याला सनद म्हणू. ही सनद मुख्यतः शीलाची असे. माणूस भला आहे, मुलांसमोर उभा करण्याजोगा आहे, एवढी ग्वाही ती देत असे. त्याला शीड आवरता येते का, धुक्यात दिशा काढता येते का, हे सनदेत लिहिलेले नसे. त्या काळाची समजूतच अशी होती की सद्गृहस्थाला प्रसंग पडला की सारे सुचते.

१९१२ च्या जानेवारीत या संघटनेला राजाची सनद मिळाली. त्याच वर्षी बेडन-पॉवेल यांचे थोरले बंधू वॉरिंग्टन यांचे सागरी बालवीरांसाठी लिहिलेले पुस्तकही निघाले. चळवळ भरात होती. आणि त्याच वर्षी, ४ ऑगस्ट १९१२ रोजी, लेज्डाउनचा अपघात घडला.

दक्षिण लंडनमधील वॉलवर्थ ही गरिबांची वस्ती. तेथल्या पथकातील मुले उन्हाळी शिबिरासाठी शिडाच्या मोठ्या होडीतून टेम्स नदीने समुद्राकडे निघाली होती. ज्यांना घराबाहेरचे आकाश क्वचितच मोकळे दिसे, त्या मुलांना हा प्रवास केवढा वाटला असेल! शेपी बेटाच्या किनाऱ्याजवळ, लेज्डाउन दिसू लागल्यावर, वाऱ्याचा अकस्मात झोत आला आणि होडी उलटली. नायक आणि त्याचे सहकारी पाण्यात मुलांना आधार देत राहिले, किनाऱ्यावरून मदत आली. तरीही आठ बालवीर आणि 'अरेथ्यूझा' या शिक्षण-जहाजावरचा एक मुलगा असे नऊ जण बुडाले. नौदलाचे मंत्री त्या वेळी विन्स्टन चर्चिल होते. त्यांनी मुलांचे देह लंडनला आणण्यासाठी विनाशिका पाठवली. ननहेडच्या दफनभूमीत त्या मुलांना एकत्र मूठमाती दिली तेव्हा लोटलेली गर्दी अफाट होती. जाइल्स गिल्बर्ट स्कॉट या नामांकित वास्तुशास्त्रज्ञाने त्यांचे स्मारक रचले आणि त्यावर बालवीराचा पूर्णाकृती ब्राँझचा पुतळा बसवला. हा पुतळा १९६९ साली चोरीस गेला. स्मारक नव्याने उभे राहायला १९९२ साल उजाडावे लागले.

त्या नायकाला कोणी दोषी धरले नाही, आणि आमच्या मते ते योग्यच झाले. त्याने कर्तव्यात कुचराई केली नव्हती. परंतु येथेच खरी गोम आहे. दोषी कोणी नाही म्हटल्यावर शिकायचे काय, हाही प्रश्न तेथेच मिटल्यासारखा झाला. 'दैवाचा घाला' या शब्दांत दुःखाला विसावा मिळतो खरा. पण त्यांच्या आड तपासणीही विसावते. ती होडी त्या माणसांच्या हाती, तेवढी मुले घेऊन, त्या पाण्यात जावी की नाही, हे निघण्यापूर्वी ठरवणारे कोणी असावे हा विचार रुजायला बराच काळ लागला.

तो हळूहळू रुजला. १९१९ साली गिलवेल पार्क येथे नायकांच्या शिक्षणाचे केंद्र निघाले. पुढल्या दशकांत नौका ताब्यात घेणाऱ्यासाठी स्वतंत्र दाखला आला. समुद्राचे शास्त्र जुने. तेथे कप्तानाने परीक्षा द्यावी यात कोणाला अपमान वाटत नाही. डोंगराचे तसे नव्हते. डोंगर म्हणजे चालणे, आणि चालायला दाखला कसला?

दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये साहसाला शिक्षणाचा दर्जा मिळाला. युद्धकाळातच, १९४१ साली, वेल्समध्ये 'आउटवर्ड बाउंड'ची पहिली शाळा निघाली होती. १९५६ साली ड्यूक ऑफ एडिंबरो यांच्या नावाची पारितोषिक-योजना सुरू झाली. शहरातली मुले बसगाड्या भरभरून डोंगराकडे निघाली. त्यांना नेणारे शिक्षक आणि स्वयंसेवक उत्साही होते. पण डोंगर वाचता येणे ही उत्साहापेक्षा निराळी विद्या आहे. म्हणून १९६४ साली पर्वतीय नेतृत्वाचे प्रमाणपत्र सुरू झाले. नकाशा, होकायंत्र, हवामान, प्रथमोपचार आणि मुख्य म्हणजे आपल्या मागून चालणाऱ्या सर्वांत दमलेल्या मुलाचा अंदाज, हे सारे आता शिकवण्याचे आणि तपासण्याचे विषय झाले.

तरीही १९७१ चा नोव्हेंबर टळला नाही. स्कॉटलंडमधील केर्नगॉर्म पठारावर एडिंबरोच्या एका शाळेच्या मुलांचे दोन गट गेले होते. आमच्या श्रोत्यांना तेथील उंची सांगितली तर ते हसतील. पठारावरचे सर्वांत उंच शिखर बेन मॅकडुई १३०९ मीटरचे, म्हणजे जवळजवळ आपल्या सिंहगडाएवढेच. रविवारी सकाळी चढून पिठले-भाकरी आणि दही खाऊन उतरायचे, तेवढीच उंची! परंतु अक्षांश निराळे, वारा निराळा. त्या पठारावर हिवाळ्यात आभाळ आणि जमीन एकाच पांढऱ्या रंगात मिसळतात, आणि पाऊल टाकायचे ते वर की खाली हे कळेनासे होते. पुढचा, अधिक दमदार गट पठारावरच्या एका छोट्या निवाऱ्याच्या झोपडीपर्यंत पोहोचला आणि वाचला. मागच्या गटाची प्रमुख वीस वर्षांची विद्यार्थिनी होती आणि तिची मदतनीस अठरा वर्षांची. हा गट झोपडीपर्यंत पोहोचू शकला नाही. झोपडीपासून फार दूर नसताना त्यांनी बर्फात दोन रात्री काढल्या. मदत आणण्यासाठी ती प्रमुख रांगत निघाली होती, तेव्हा शोधपथकाला ती दिसली. ती आणि एक मुलगा वाचला. पाच मुले आणि ती मदतनीस गेली.

या दुर्घटनेनंतर जो वाद पेटला तो आम्हांला फार उद्बोधक वाटतो. वाद मुख्यतः त्या झोपड्यांचा होता. पठारावर अडीअडचणीला निवारा असावा या सद्भावनेने त्या बांधल्या होत्या. आता पर्वतारोहींतीलच जाणते म्हणू लागले की या झोपड्याच घातक आहेत. त्या आहेत म्हणून लोक हिवाळ्यात तेथवर जाण्याचा बेत आखतात. त्या बर्फाखाली गाडल्या गेल्या किंवा धुक्यात सापडल्या नाहीत की परतीचा विचार करायला उशीर झालेला असतो. अखेर काही वर्षांत उंचावरच्या झोपड्या काढून टाकण्यात आल्या. संरक्षणासाठी उभी केलेली वस्तूच माणसाला धोक्याकडे ओढून नेऊ शकते, ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. कारण कागदाचीही झोपडी होऊ शकते, आणि त्याकडे आम्हांला पुन्हा यायचे आहे.

यानंतरचा अपघात वेगळ्या जातीचा होता. २२ मार्च १९९३ रोजी प्लिमथच्या एका शाळेची आठ मुले आणि त्यांचे शिक्षक, एका खासगी साहस-केंद्राच्या दोन प्रशिक्षकांसह, लाइम रीजिस येथून लहान होड्या वल्हवत निघाले. जवळच्या चारमथपर्यंत जायचे आणि दुपारच्या जेवणापर्यंत उरकायचे असा बेत होता. वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहत होता. होड्यांत पाणी भरत गेले, त्या उलटू लागल्या आणि टोळी समुद्रात लोटली गेली. धोक्याची खूण म्हणून उडवायचे बाणही त्यांच्याजवळ नव्हते. तटरक्षकांना खबर मिळेपर्यंत दुपारचे तीन वाजून गेले. चार मुले दगावली. पुढे चौकशीत निघाले की दोन प्रशिक्षक आदल्या वर्षी ते केंद्र सोडून गेले होते आणि तेथील सुरक्षेची स्थिती सुधारली नाही तर एखाद्या आईबापांना जाब द्यावा लागेल, अशा आशयाचे पत्र संचालकाच्या हाती पडले होते. १९९४ च्या डिसेंबरमध्ये न्यायालयाने संचालकाला तुरुंगात धाडले आणि त्याच्या कंपनीलाही मनुष्यवधाबद्दल दोषी ठरवले. एखादी कंपनी अशा गुन्ह्याखाली दोषी ठरण्याचा इंग्लंडच्या इतिहासातला हा पहिला प्रसंग.

येथे 'दैवाचा घाला' म्हणून कोणाला सुटता आले नाही. प्लिमथचे खासदार डेव्हिड जेमिसन यांनी पार्लमेंटात विधेयक आणले आणि १९९५ साली साहस-केंद्रांतील मुलांच्या सुरक्षेचा कायदा झाला. १९९६ च्या नियमांनी अठरा वर्षांखालील मुलांना मोबदला घेऊन गिर्यारोहण, गुहासंचार, डोंगरभ्रमण वा जलक्रीडा शिकवणाऱ्याला सरकारी अनुज्ञप्ती सक्तीची केली.

मात्र कायद्याने काही दारे मोकळी ठेवली. शाळा आपल्याच विद्यार्थ्यांना नेत असेल तर अनुज्ञप्ती नको. आणि स्वयंसेवी संघटना आपल्याच सभासदांना नेत असेल तर तिलाही नको. याला पळवाट म्हणणारे होते, पण आम्ही म्हणणार नाही. गावोगावच्या पथकांवर सरकारी शुल्क आणि तपासनीस लादले असते तर निम्मी पथके बंद पडली असती. आणि नफ्यासाठी काटकसर करणारा दुकानदार आणि पदरमोड करणारा हौशी माणूस यांना एकाच मापाने मोजणे न्यायाचेही झाले नसते. परंतु सूट म्हणजे मोकळीक नव्हे. सरकारने जणू सांगितले, 'तुमच्या घरात आम्ही डोकावत नाही. तुमचे तुम्ही पाहा.' जो स्वतःचे स्वतः पाहतो त्याला दोष द्यायलाही दुसरा कोणी उरत नाही. बालवीर संघटनेपाशी पूर्वीपासून नियम आणि दाखले होते. या काळात त्यांची घडी बसत जाऊन त्यातूनच आजची परवाना-पद्धती उभी राहिली.

आता हा परवाना जवळून पाहू. तो संस्थेला मिळत नाही, पथकालाही नाही. तो एका माणसाला मिळतो. एका साहसाचा परवाना दुसऱ्याला चालत नाही. शीड हाकणाऱ्याला त्यावर गुहेत शिरता येत नाही. त्याची मुदत फार तर पाच वर्षे, कारण गुडघे आणि स्मरणशक्ती दोन्ही झिजतात. देण्याची रीत अशी की जाणकार परीक्षक चार गोष्टी पाहतो: त्या साहसाचे प्रत्यक्ष कौशल्य, मुलांच्या संरक्षणाची रीतसर जाण, संघटनेच्या नियमांची माहिती आणि माणसाची व्यक्तिशः योग्यता. या चौथ्या बाबतीत स्थानिक पदाधिकाऱ्याचाही शब्द असतो. परीक्षक शिफारस करतो. परवाना देतो तो जिल्ह्याचा जबाबदार स्वयंसेवक, ज्याला जुन्या भाषेत कमिशनर म्हणत. त्याला शिफारशीहून कमी देता येते, मर्यादा घालता येतात, नाकारताही येते. शिफारशीहून अधिक मात्र देता येत नाही. आम्हांला या एका कलमाचे फार कौतुक वाटते. शेजारधर्म, ओळख, भीड या सर्वांना त्याने एकाच दिशेने वाट ठेवली आहे. जुनी शीलाची सनद आणि नवा कौशल्याचा दाखला हे दोन्ही या कागदात एकत्र आले आहेत, आणि ते दोन निरनिराळ्या माणसांच्या हातून आले आहेत.

डोंगराची प्रतवारी तर मुद्दाम सांगण्याजोगी आहे. पाचशे मीटरांच्या खाली आणि साधी रुग्णवाहिका जाऊ शकेल अशा रस्त्यापासून किंवा निवारा वा मदत मिळेल अशा जागेपासून अर्ध्या तासाच्या आत असलेला भूभाग 'शून्य' प्रतीचा. तेथे परवाना लागत नाही. त्या पलीकडचा, पण आठशे मीटरांच्या खालचा आणि मदतीपासून तीन तासांच्या आतला, तो पहिल्या प्रतीचा. आठशे मीटरांच्या वरचा किंवा तीन तासांहून दूरचा, तो दुसऱ्या प्रतीचा. पाहा, मोजमापात शिखराच्या कीर्तीला स्थान नाही. मोजला आहे तो मोडलेल्या पायाच्या मुलाचा रस्त्यापर्यंतचा प्रवास. परवान्याच्या मुलुखात टोळी चारांहून लहान नसावी आणि आठांहून मोठी नसावी, असाही दंडक आहे. चारच का? एक जखमी झाला तर एकाने त्याच्यापाशी थांबावे आणि दोघांनी मिळून मदतीला जावे, असा हिशेब त्यामागे दिसतो. आठांपलीकडे गेले की धुक्यात मागच्यांची डोकी मोजणे कठीण होते. हे नियम कचेरीत बसून सुचणारे नव्हेत. त्यांच्या ओळींमागे केर्नगॉर्मचे बर्फ आहे.

याविरुद्ध तक्रारी झाल्या नाहीत असे नाही. 'मी वीस वर्षे या डोंगरांत फिरतो आहे. मला आता कालचा पोर येऊन तपासणार?' अशी जुन्या नायकाची कुरकुर कोणत्याही देशात ऐकू येईल. तीत तथ्य मुळीच नाही असे आम्ही म्हणत नाही. अर्ज, तपासणी, नूतनीकरण यांच्या दगदगीने चांगली माणसे कंटाळतात, आणि माणूस कंटाळला की मुलांचा रविवार घरातच जातो. २०१० साली तर लॉर्ड यंग यांनी पंतप्रधानांना दिलेल्या अहवालात सुरक्षेच्या नावाखाली कागद माजले आहेत असे म्हणून १९९५ च्या कायद्याखालची अनुज्ञप्तीची यंत्रणाच मोडीत काढावी, तिच्या जागी आचारसंहिता आणावी, असे सुचवले. यंत्रणा मोडीत निघाली नाही. परंतु तिच्यावर असे बोलणारा लहानसहान माणूस नव्हता, हे लक्षात घेतले पाहिजे.

यापेक्षा नाजूक गोष्ट आहे ती नकाराची. परवाना नाकारणारा आणि ज्याला नाकारायचा तो, दोघेही विनामूल्य काम करणारे, बहुधा एकाच गावचे. एकाने दुसऱ्याला सांगायचे की मुले तुझ्यावर जीव टाकतात हे खरे, पण यंदा त्यांना त्या कड्यावर नेऊ नकोस. ज्यांनी सार्वजनिक कामात चार दिवस काढले आहेत त्यांना हे वाक्य किती जड असते ते ठाऊक आहे. आपल्याकडे तर ते बहुधा उच्चारलेच जात नाही. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली साहसी पर्यटनाचे धोरण जाहीर करून नोंदणीची पद्धत आणली, हे स्वागतार्ह आहे. तरी आळीतल्या उत्साही दादाने ऐन पावसाळ्यात पंधरा-वीस पोरांना घेऊन कड्याकपारीतल्या गडावर निघायचे ठरवले, तर त्याला थांबवणारा आवाज सरकारी कचेरीतून वेळेवर येणे शक्य नाही. तो त्याच्याच मंडळातून यावा लागतो, आणि तेथे तर सगळे एकमेकांचे मित्र.

आता त्या झोपडीकडे वळू. वेल्सच्या किनाऱ्यावर लँडिड्नो गावाला लागून ग्रेट ऑर्म नावाचा डोंगर आहे. उंची अवघी २०७ मीटर. केवळ उंचीने आणि रस्त्याच्या अंतराने मोजले तर हा शून्य प्रतीचा मुलूख. माथ्यावर तर ट्रामगाडी जाते. पण त्याच्या कडा समुद्राकडे सरळ तुटल्या आहेत. २०१८ च्या ऑगस्टमध्ये तेथे फिरायला नेलेल्या टोळीतील एक सोळा वर्षांचा बालवीर दोन सोबत्यांसह नायकांपासून वेगळा झाला आणि कड्यावरून पडून मृत्यू पावला. या मृत्यूची कॉरोनरपुढील चौकशी २०२४ साल उजाडेपर्यंत रेंगाळली. (मुंबईकरांना कॉरोनर परिचित आहे, आपल्याकडे ते पद १९९९ पर्यंत होते.) कॉरोनरने संघटनेच्या सुरक्षा-व्यवस्थेविषयीच लेखी चिंता नोंदवली. त्या सहलीत दोर नव्हता, होडी नव्हती, बर्फ नव्हते. होता तो एक फेरफटका. जेथे परवान्याची आठवणही कोणाला होऊ नये अशा जागी मुलगा गेला.

नियमपुस्तकात याची जाण अगदीच नाही असे नाही. चालताना तोल सांभाळण्यासाठी हात टेकावे लागतील इतका उभा उतार आला की तो मुलूख शून्य प्रतीचा राहत नाही, असे कलम त्यात आहे. पण कलम वाचायचे असते घरी, आणि उतार येतो तो वाटेवर. बेत शहरातल्या टेकडीचा असला की माणसाचे मन सैलावते. आपल्यापाशी मोठ्या डोंगराचा कागद असला तर ते आणखीच सैलावते. केर्नगॉर्मच्या झोपडीने मुलांना पठारावर ओढले, तसा चांगला परवानाही, तो नसलेल्या जागेकडे पाहण्याचे विसरायला लावू शकतो. ज्या घरातला मुलगा परतला नाही त्या घरापुढे ही बाब संघटनेला अनेक वर्षे ऐकून घ्यावी लागली, आणि ती ऐकायलाच हवी होती.

असो. या पद्धतीत आणखी एक प्रकार आहे, तो बहुतेकांना माहीत नसतो. नेतृत्वाचे आणि देखरेखीचे परवाने प्रौढांसाठी आहेत. पण त्यांच्या जोडीला एक 'वैयक्तिक' परवाना आहे, आणि तो खास अठरा वर्षांखालील मुलामुलींसाठीच आहे. ज्याने परीक्षकापुढे आपले कौशल्य दाखवले तो मुलगा, किंवा ती मुलगी, तसाच परवाना असलेल्या आपल्या सोबत्यांबरोबर, प्रौढ नायक शेजारी नसताना, त्या साहसाला जाऊ शकते. चौघी जणी नकाशा, होकायंत्र, तंबू आणि शिदोरी घेऊन एका सकाळी पहिल्या प्रतीच्या डोंगरात शिरतात. कोणत्या वाटेने जाणार आणि किती वाजता खाली उतरणार, हे त्यांनी गावातल्या एका माणसाला लिहून दिलेले असते. तो माणूस त्या दिवशी दूरध्वनीपाशी बसून राहतो.